अक्षतांआधीचं पाणी

चैत्र लागला की खडेबाजारात लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या दुकानांपुढं गर्दी होते, कापडवाले शालूंचे गठ्ठे सोडून बसतात, आणि माझं डोकं फिरायला लागतं. घरी पत्रिका येतात. हळदी-कुंकवाच्या कोपऱ्यासकट मी त्या देव्हाऱ्यापुढं ठेवते, आहेर पोचता करते, आणि लग्नाला जात नाही. नातेवाइकांनी कारण विचारायचं कधीच सोडलंय. "म्हातारी तिरसट हाय," एवढ्यावर त्यांचं भागतं. आहेच मी तिरसट.

यंदाही लगीनसराई आली. काल समोरच्या गल्लीत मांडव घातला होता. भर दुपारी बँडवाली पोरं गुलमोहराच्या तोकड्या सावलीत उभी होती, गळ्याशी बटण आवळलेले लाल कोट, डोक्यावर झुपकेदार टोप्या. त्यांच्यातला ट्रंपेटवाला जिभेनं सारखे ओठ ओले करत होता. मला खिडकीतून दिसलं ते. नातीला हाक मारली आणि म्हटलं, कळशी घे, पेले घे, आणि त्या पोरांना पाणी देऊन ये.

"आज्जी, लग्नघरचे देतील की."

मी तिच्यावर इतक्या जोरात ओरडले की ती पायऱ्या उतरून पळतच सुटली. पोरीची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नाही. सांगायचं माझ्याकडंच राहिलंय.

माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. नाव सिद्राम. आमच्या घरी पूर्वापार हलगी. गावकुसाबाहेरचं घर, गावातल्या प्रत्येक आनंदाला आम्ही वाजवायला हजर आणि प्रत्येक पंगतीला आम्ही बाहेर. माझे आजोबा गाव सोडून बेळगावच्या कॅम्पात आले, पलटणीच्या घोड्यांना खरारा करायला लागले. तिथं आप्पांच्या हाती बिगुल आला. बिगुलाला बोटांनी दाबायच्या कळा नसतात, सगळं ओठांनी करायचं. पलटणीच्या बँडमध्ये गोव्याकडचा एक म्हातारा होता, इनास त्याचं नाव. त्यानं आप्पांचे ओठ बघितले, फुंक ऐकली, आणि एक दिवस आपला जुना ट्रंपेट त्यांच्या हातात ठेवला. कागदावरचे सूर वाचायला त्यानंच शिकवलं. आप्पांना मराठी अक्षरं पुढं कितीतरी वर्षांनी आली, सुरांची अक्षरं आधी आली.

पुढं ते मुंबईला गेले. तेव्हा चित्रपट मुके होते आणि पडद्यापुढच्या खड्ड्यात ऑर्केस्ट्रा बसायचा. व्हायोलिनं, चेलो, क्लॅरिनेट, आणि मागं कोपऱ्यात आप्पांचा ट्रंपेट. ऑर्केस्ट्रा म्हणजे काय हे त्यांनी मला अंगणात बसून समजावलं होतं. "व्हायोलिनवाली मंडळी सारखी राबत असत्यात गं. आमचं तसं न्हाय. आमी बसून ऱ्हायाचं. मनात मात्रा मोजायच्या. पानंच्या पानं उलटत्यात आणि आमी आपलं गप्प. मग आपली जागा आली की उठायचं. त्या एका सुराला चुकलं तर लपायला जागा न्हाय." हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे की खड्ड्यात गप्प बसणं ही जगातली सगळ्यात भाग्याची गोष्ट आहे असं मला वाटायचं. आता आठवलं की संताप येतो. गप्प बसण्याची इतकी तालीम कुणालाच मिळू नये.

मग चित्रपट बोलायला लागले आणि खड्ड्यातली माणसं घरी गेली. आप्पा बेळगावला परत आले ते एक काळा कोट, मानेला बांधायची काळी फीत आणि ट्रंपेटची पेटी घेऊन. कॅम्पात साहेब लोकांचा क्लब होता, तिथं ऑर्केस्ट्रा होता. गोरे शिपाई, गोव्याचे चारदोन जण आणि आप्पा. बँडमास्तर साहेबाला सिद्राम म्हणता येईना; त्यानं सिड करून टाकलं. स्वयंपाकघराच्या बाजूच्या दारानं आत जायचं. पाण्यासाठी गोऱ्यांना काचेचे पेले आणि आपल्या लोकांना पत्र्याचे मग. विटाळ हा शब्द साहेबानं कधी उच्चारला नाही. पाण्याचे मग तेवढे वेगळे ठेवले.

आप्पा म्हणायचे, "साहेबाला सूर कळतो गं." एवढ्यावर त्यांनी साहेबाला सगळं माफ केलं होतं.

त्यांची शाळा भरायची आमच्या अंगणात, चिंचेखाली. शाळा म्हणजे भिंतीकडं तोंड करून उभी राहिलेली चार-सहा माणसं. पहाटे लांब सूर घोटायचे. एकच सूर, श्वास संपेस्तोवर, न हलवता. बेळगुंदीकडची शेतकऱ्यांची तरणी मुलं भात झोडून झालं की यायची. वडगावच्या विणकरवाड्यातनं परशूअण्णा यायचा. त्याचं वय तेव्हा बावीस-तेवीस असेल. दिवसभर खड्ड्याच्या मागावर लुगडी विणायचा. मागाच्या पायाखालच्या पावड्यांवर पाय टाकून टाकून ताल त्याच्या पायांत आपोआप बसलेला. घरी परत गेला की त्याची आई त्याला विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही, कारण तो आमच्या अंगणातून आलेला असायचा. परशूअण्णा हसायचा. "रोज दोनदा अंघोळ हुतीया, मास्तर. वडगावात माझ्यासारका स्वच्छ माणूस न्हाय." आप्पाही हसायचे. मी हसले नाही. तेव्हाही नाही.

मी वाजवायला कधी शिकले ते मला आठवत नाही, इतकी लहान होते. ट्रंपेटचा तोंडाला लावायचा तो पितळेचा पेला, त्याला आम्ही तोंडी म्हणायचो, तो चोखतच मोठी झाले म्हणा. पंधराव्या वर्षी मी परशूअण्णाच्या बरोबरीनं वाजवत होते. पण अंगणात, चिंचेखाली. आई करवादायची, "पोरीच्या ओटावर वण पडंल. कोण करून घेईल तिला?" आप्पा म्हणायचे, "ज्याला कान असतील त्यो करून घेईल."

मी लग्नांना जाणं सोडलं ती लगीनसराई दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली. कॅम्प गोऱ्या शिपायांनी भरून गेला होता. जूनच्या तोंडाला क्लबात मोठा जलसा ठरला होता आणि बँडमास्तर साहेबानं त्यात ट्रंपेटचा एकट्यानं वाजवायचा भाग पहिल्यांदाच आप्पांना दिला होता. सगळा ऑर्केस्ट्रा थांबणार आणि आप्पा उठून उभे राहणार, पुढं, दिव्यात. आयुष्यभर मागच्या कोपऱ्यात बसलेला माणूस. त्या चैत्रात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आईनं काळ्या कोटाला आतून नवं अस्तर लावलं. आप्पा पहाटे उठून तोच तुकडा वाजवायचे आणि बेळगुंदीच्या रस्त्यानं बाजाराला निघालेल्या भाजीच्या गाड्या आमच्या कुंपणाशी क्षणभर थांबायच्या. तो तुकडा मला अजून येतो. ओठांनी नाही, आता दात नाहीत, पण येतो.

जलशाआधी निपाणीचं लग्न होतं. तंबाखूचा मोठा व्यापारी, त्याची थोरली मुलगी. सगळे त्याला वखारवाले म्हणत. आईचा भाऊ, माझा मामा, त्याच्याच वखारीत तंबाखू झोडायला होता. त्यानंच मध्ये पडून आप्पांचा, म्हणजे शाळेतल्या पोरांचा, बँड ठरवला. मी आणि आई मामाकडं आधीच गेलो होतो. निपाणीला त्या दिवसांत हवेतच तंबाखू असतो. शिंका येतात, डोळे चुरचुरतात, भाकरीला तंबाखूचा वास, डोक्यावरच्या पदराला वास. आप्पा आणि पोरं सर्व्हिस मोटारीनं आली. उतरल्या उतरल्या आप्पा म्हणाले, "ह्या धुळीत घसा लई कोरडा पडतोय. पाण्याचं बगा रं."

मामी आणि मी मांडवामागं होतो. खरकट्या पत्रावळी गोळा करून टाकायचं काम आमच्याकडं. तिथून ताटीच्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत बँडनं वरात आणली, सगळी उन्हात. नवरदेव घोड्यावर, छत्रीखाली. बँडवाल्यांना मांडवाच्या बाहेर ताटीला लागून उभं केलं. आत मंगलाष्टकं सुरू झाली. मंगलाष्टकं संपताक्षणी बँड उठला पाहिजे, अक्षता आणि सूर एकदम पडले पाहिजेत. ती जागा आप्पांच्या एकट्याच्या सुरानं सुरू व्हायची. वरच्या पट्टीतला स्वच्छ सूर, मग बाकीचे. त्यासाठीच वखारवाल्यांनी एवढ्या लांबून बँड आणला होता.

एक गडी तांब्या घेऊन आला. परशूअण्णा प्याला, बेळगुंदीची मुलं प्याली. आप्पांपुढं आल्यावर गडी थांबला.

"तुमाला वरनं वतायला माणूस येतोय," तो म्हणाला आणि तांब्या परशूअण्णाच्या हातात तसाच ठेवून निघून गेला.

माणूस आला नाही. आत एक अष्टक संपलं, दुसरं लागलं. आप्पा ओठांवरून जीभ फिरवत होते, पण जिभेलाच ओल नव्हती.

"परशा, परत सांगितलंस का?"

"दोनदा सांगितलं, मास्तर. ऐकंनात कुणी." आणि मग परशूअण्णा म्हणाला, "ह्यातलंच घ्या की. भरलेला हाय."

आप्पांनी इकडंतिकडं बघितलं. मी ते बघणं पाहिलंय. ऑर्केस्ट्रात मान ताठ ठेवून बसणारा माणूस तांब्याभर पाण्यासाठी इकडंतिकडं बघत होता. मग त्यांनी तांब्या घेतला, मान मागं टाकली आणि वरून, ओठ न लावता, धार तोंडात सोडली. ओठ लावला नव्हता त्यांनी. हे मी आजही कुठल्याही कोर्टात सांगेन. आणि लावला असता तरी काय?

मुलीचा काका तिथूनच चालला होता. तांबडा फेटा, रेशीमकाठी धोतर. त्यानं आप्पांच्या हातातला तांब्या हिसकावला. "बाटवलास रं!" एवढंच म्हणाला आणि तोच तांब्या आप्पांच्या तोंडावर मारला. एकदा. मग पुन्हा एकदा, त्याच जागी.

पितळेचा भरीव आवाज झाला. कुणी ओरडलं नाही. आप्पाही ओरडले नाहीत. ते गुडघ्यावर बसले, एक हात तोंडावर, आणि बोटांच्या फटीतून रक्त कोटाच्या बाहीत उतरायला लागलं.

आत भटजींचा आवाज चढला होता. शेवटचं अष्टक. "वाजवा, वाजवा!" मांडवातनं कुणीतरी ओरडलं, आतल्यांना बाहेर काय झालं ते ठाऊक नव्हतं. परशूअण्णा दगडासारखा उभा. पोरं त्याच्याकडं बघत होती. आणि आप्पांनी, तोंडावरचा हात न काढता, दुसरा हात वर केला. ऑर्केस्ट्रातला मास्तर करतो तसा. परशूअण्णाकडं बघून त्यांनी तो हात खाली आणला.

परशूअण्णानं वाजवलं.

अक्षता पडल्या. ताटीवरून काही तांदूळ बाहेर उडाले, आप्पांच्या खांद्यावर पडले. मी हातातल्या पत्रावळी टाकून धावणार तोच मामीनं माझं मनगट धरलं. "जाऊ नगंस. तुझ्या मामाचं पोट हाय हितं." मी तिला चावले. तरी तिनं सोडलं नाही. मामीवर मला राग नाही. मामीला असं धरायला ज्यांनी शिकवलं त्यांच्यावर आहे.

तो तांब्या लग्नघरच्यांनी आमच्या बाजूला उकिरड्यावर फेकला. त्याला पोचा आला होता. कशानं, ते मी सांगत नाही. दिवस कलल्यावर एक गडी आला, तांब्या काठीनं उचलून चुलवणातल्या विस्तवात टाकला, शुद्ध करून परत आत नेला. आप्पांच्या दातांचं तसं काही करता आलं नाही.

पुढचे वरचे दोन दात गेले. वरचा ओठ मधोमध फाटला. आईनं पदर खोचला आणि आप्पांना घेऊन चौकीवर गेली; मी बरोबर होते. तिथल्या जमादारानं सगळं ऐकून घेतलं, पानाची पिंक टाकली आणि विचारलं, "पाणी कुणाच्या तांब्यातलं?" आई म्हणाली, "त्यांच्याच. वाजवायला बोलावल्यालं माणूस पाणी काय घरनं आणंल?" तो म्हणाला, "आणायचं की. उन्हाळा हाय." त्याच्या मागं बसलेला शिपाई हसला. तो हसला, हे मी विसरलेले नाही. जमादाराचा चेहरा आठवत नाही, पण ते हसणं कुठंही ओळखीन.

ओठ सांधला. दिसायला बरा दिसायला लागला. पण ट्रंपेट ओठांच्या कातड्यावर वाजत नाही, ओठांच्या आतल्या घट्टपणावर वाजतो, आणि त्या घट्टपणाला मागून दातांचा आधार लागतो. आप्पा क्लबात गेले. तोंडी लावली, फुंकलं. फटीतून वारा सुटला, सूर चिरफळला. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. बँडमास्तर साहेबानं घड्याळ बघितलं, आप्पांच्या पाठीवर थाप मारली, "बॅड लक, सिड," म्हणाला, आणि त्याच दिवशी तो भाग एका गोऱ्या शिपायाला देऊन टाकला. कसं झालं, कुणी केलं, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. ज्याला सूर कळतो असं आप्पा जन्मभर म्हणत आले, त्या माणसानं.

आप्पांनी घरी येऊन हे शांतपणे सांगितलं. आईनं कोटाचं अस्तर उसवलं आणि त्याची कुंची शिवली, शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकली.

मी त्यांच्यापुढं जाऊन बसले. इतके दिवस दाबून ठेवलेलं विचारलं. "तुमी हात का वर केलासा? थांबू द्यायचं हुतं. अक्षता मुक्याच पडू द्यायच्या हुत्या."

आप्पांनी ट्रंपेटच्या पेटीचं झाकण लावलं. मग त्या फाटक्या ओठातनं, शब्द गळत गळत, म्हणाले, "थांबलो असतो तर लोकांनी काय म्हटलं असतं गं? बँडवाली जागा चुकली. ह्यांना वाजवायला येत न्हाय. मारल्यालं कुणी बगितलं न्हवतं. चुकल्यालं सगळ्यांनी ऐकलं असतं."

मला हे उत्तर तेव्हा पटलं नाही. आज माझं वय आप्पांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलंय, तरीही पटत नाही. इतकं समजतं की ज्या माणसाला जगानं एकच जागा दिली, तो ती चुकू देत नाही. पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं.

पावसाळ्यात शाळा पुन्हा भरली, पडवीत. मला वाटलं होतं आता कुणी यायचं नाही. ज्याला वाजवता येत नाही तो शिकवणार काय? पहिल्या सकाळी परशूअण्णा आला, भिजून. मग बेळगुंदीची मुलं. आप्पांनी ट्रंपेट पेटीतून काढला, पुसला आणि माझ्या हातात दिला. "गंगू, हितनं पुढं माझं तोंड तू."

तसं सुरू झालं. ते हातानं दाखवायचे, मी वाजवायची, पोरं ऐकून वाजवायची. सूर खाली आला की आप्पांची भुवई खाली यायची. श्वास उथळ झाला की ते स्वतःच्या पोटावर थाप मारायचे. स्वतः वाजवत होते तेव्हा ते चांगले शिक्षक होते. वाजवणं गेल्यावर असे शिक्षक झाले की धारवाडपासून मुलं येऊन वडगावात नातेवाइकांकडं राहायला लागली. लोक हे कौतुकानं सांगतात. "बगा, देवानं एक दार लावलं आणि दुसरं उगडलं." देवानं नव्हे. दार लावणाऱ्याला फेटा होता.

वर्ष फिरलं. पुन्हा चैत्र. एका सकाळी आमच्या अंगणात वखारवाल्यांचे दिवाणजी उभे राहिले, छत्री मिटत. धाकट्या मुलीचं लग्न होतं.

"मास्तर, झालं गेलं सोडून द्या. मालकांनी सांगितलंय, पाण्याची वेगळी सोय करतो म्हणून. तुमची सोताची घागर."

वेगळी घागर. हा त्यांचा मोठेपणा.

मी पडवीत होते. परशूअण्णा चिंचेखाली तोंडी पुसत बसला होता, त्याचा हात थांबला.

आप्पा म्हणाले, "पाठवतो."

"न्हाय," परशूअण्णा म्हणाला.

आमच्या अंगणात आप्पांच्या शब्दावर कुणी असं बोललं नव्हतं. आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. "पोरीचं लगीन हाय, परशा. तिनं काय केलंय?"

"तिनं काय केलं न्हाय. मी केलंय." परशूअण्णा उठून उभा राहिला. "त्या दिवशी तुमी हात केलासा आणि मी वाजवलं. तवापासनं ती जागा आली की माझ्या तोंडाला रगताची चव येती. तुमचं सगळं ऐकलं, मास्तर. हे न्हाय."

"तू नगं जाऊस. बाकीची जातील."

बाकीच्यांतल्या बेळगुंदीच्या एकानं आपला हॉर्न खाली, मातीत ठेवला. मग दुसऱ्यानं.  दिवाणजी बघत राहिले. मी पडवीतून म्हटलं, "दिवाणजी, मालकास्नी सांगा, हितं बँड न्हाय. हितं शाळा हाय."

दिवाणजींनी छत्री उघडली आणि गेले.

असं लिहिल्यावर वाचणाऱ्याला वाटेल, चला, न्याय झाला. काही झाला नाही. वखारवाल्यांनी कोल्हापूरहून दुसरा बँड आणला, आमच्यापेक्षा मोठा. लग्न दणक्यात झालं. हुग्गीच्या, गव्हाच्या खिरीच्या, कढया ओसंडल्या म्हणे. त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते मामाचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याला वखारीतून काढलं. मामा, मामी आणि त्यांची मुलं बोचकी घेऊन आमच्याकडं आली, आणि आमच्या दोन खोल्यांत आम्ही सगळे राहिलो. माझ्या चावण्याचा वण मामीच्या मनगटावर अजून होता. तिनं तो मला दाखवला आणि हसली. तेव्हा मात्र मी रडले.

आप्पांनी परशूअण्णाला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. काही महिन्यांनी त्यांनी त्याला मुंबईची वाट दाखवली, जुन्या ओळखीच्या एका व्हायोलिनवाल्याकडं धाडलं. परशूअण्णाला तिथं चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात खुर्ची मिळाली. वडगावच्या त्याच्या आईनं पेढे वाटले. पेढे आमच्या घरी तिनं स्वतः आणून दिले, अंगणात उभं राहून. आत आली नाही. आईनं पाणी विचारलं. ती नको म्हणाली. मी ते पेढे खाल्ले नाहीत. मामाच्या मुलांनी खाल्ले.

आणि मग ती श्रावणातली सकाळ, स्वातंत्र्य आलं ती. खडेबाजारातून मिरवणूक निघणार होती. भुरभुर पाऊस, रस्ताभर आंब्याच्या डहाळ्यांची तोरणं, चिखलात उमटलेले पाय. आप्पांची मुलं वाजवणार होती, पण परशूअण्णा मुंबईला आणि उरलेल्यांत वरचा सूर धरणारा कुणी नव्हता. पहाटे आप्पा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. माझं लग्न झालं होतं, मी माहेरी आले होते. माझे मालक शेजारी उभे. गिरणीत फिटर होते ते, आणि कान असलेले होते.

"तू वाजीव," आप्पा म्हणाले.

"बाजारात?"

"बाजारात."

मी मालकांकडं बघितलं. ते म्हणाले, "छत्री धरू का?"

मी नऊवारी नेसून, पदर खोचून, ट्रंपेट घेऊन खडेबाजारात उतरले. बाया माडीवरून वाकल्या. "आगं बया, बाईमाणूस पिपाणी वाजवतंय!" कुणीतरी शिट्टी मारली. दुकानांच्या फळ्यांवर उभी असलेली माणसं हसली, आणि त्या हसण्यात मला चौकीवरच्या त्या शिपायाचं हसणं ऐकू आलं. मी तोंडी ओठांना लावली. पोटात जेवढं होतं तेवढं सगळं त्या पितळेत ओतलं. ती उकिरड्याची बाजू, तो जमादार, तो साहेब, ते घड्याळ, वेगळी घागर. सूर असा उठला की घोड्यावरचा पुढारी दचकला आणि घोडाही. हसणं थांबलं. मी मिरवणूक संपेस्तोवर वाजवत राहिले. ओठ सुजून आले, तरी वाजवत राहिले.

घरी आल्यावर मला वाटलं, आप्पा पाठीवर हात ठेवतील. ते पडवीत बसले होते, कोरडा पंचा माझ्याकडं टाकत म्हणाले, "वरचा सूर चढला हुता."

"व्हय," मी म्हटलं.

"रागानं फुंकलीस."

"व्हय. आणि राग जायचा न्हाय, आप्पा. तुमी सांगितलंसा तरी न्हाय."

 त्यांच्या फाटक्या ओठाचा कोपरा हलला, एवढंच. मला वाटलं, दुखावले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच मला उठवलं. "ऊठ. ट्रंपेट घे. राग ऱ्हाऊ दे तसाच, त्याला हात लावू नगंस. खांदे पाड, श्वास बेंबीपासनं घे. राग असून सूर जागेवर कसा बसतो ते बगू."

तो एकच सूर आम्ही उरलेला सगळा श्रावण घोटला. माहेरपण वाढवून मी थांबले. भाद्रपदात, गौरी बसायच्या आधी, एका ढगाळ सकाळी तो जागेवर लागला. न चढता, न हलता, आणि राग तिळभरही कमी झाला नव्हता. आप्पा डोळे मिटून तो संपेपर्यंत ऐकत राहिले. मग मान हलवली आणि सुरांच्या वहीचं पुढचं पान उघडलं.